तालमीच्या मातीचा रंग

वडील शाहूपुरीतल्या खोलीत युरोपीय पद्धतीची तैलचित्रं काढत. मी तेव्हा नुकताच तत्त्वज्ञान शिकून आलो होतो. त्यांनी रंगवलेला पैलवान बघून म्हणालो, "गोऱ्यांची नक्कल हाय ही."

"डोळं उघडून बघ की, पंडित," ते हसले.

त्या हसण्यानं मी पेटलो. कॅनव्हास कापायची सुरी उचलून चित्र टराटरा फाडलं. ते आडवे आले आणि सुरी त्यांच्या उजव्या तळव्यात घुसली. रक्त पैलवानाच्या छातीवर उडालं.

फडकं गुंडाळताना ते म्हणाले, "त्याच्या अंगाच्या रंगात तालमीची लाल माती कालवलीया, लेका. नक्कल कशाची?"

त्यांना त्या हातात पुन्हा ब्रश धरवला नाही. मी आज पूर्व-पश्चिमेच्या मिलाफावर व्याख्यानं देतो. तो फाटका पैलवान कुणाला दाखवायची हिंमत अजून झालेली नाही.