नव्या घराचा इसार
ओल्या चुन्याचा वास आला की सोलापुरातल्या आमच्या घराची ती सकाळ आठवते. माझा थोरला भाऊ मधल्या खोलीत प्लेगने गेला होता आणि आई तिथून हलेना. तिला बाहेर काढायचं म्हणून वडिलांनी राहतं घर विकण्याआधीच नव्या घराचा इसार दिला, वर गल्लीभर पेढे वाटले. गल्लीने पेढे खाल्ले. प्लेगचं घर कोण घेणार, हे मात्र कुणी बोललं नाही. भिंतींना तीनदा चुना दिल्यावर त्या सकाळी एक गिऱ्हाईक आलं. "हितं कुणी गेलं न्हाय न्हवं, वैनी?" "पोरगा हाय की माझा आत," आई म्हणाली. "हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय." गिऱ्हाईक वहाणा हातात घेऊनच निघालं. वडिलांनी इसारावर पाणी सोडलं. आता घर माझ्या नावावर आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्या खोलीत मात्र मी हळूच बोलतो.