भिकुबाईची भ्रमंती

फैजपूरच्या मगन ड्रायव्हरची मुलगी भिकुबाई सात-आठ वर्षांची असताना केळीच्या ट्रकमधून दिल्लीला गेली. आई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, भिकीला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून बापाने तिला केबिनमध्ये बसवलं. चंबळच्या पुलावर उजाडलं. दोन्ही बाजूंना मातीच्या घळींचं रान पसरलं होतं. ती सारखी विचारत होती, पुढे काय आहे? मगन म्हणाला, "पुढे गेल्यावर दिसीन."

त्या दिवसापासून रस्ता दिसला की तो कुठे जातो हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना.

लग्न होऊन ती दोंडाईच्याला आली. नवरा अभिमन मिरचीच्या गोदामात मुकादम. बायकोला फिरायची हौस आहे, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं आणि त्याला ती मोठी गंमत वाटली. एकदा त्याने उज्जैनला जायचं म्हणून सांगितलं. तिने दशम्या केल्या, नवं लुगडं नेसली, शेजारणींचा निरोप घेतला. स्टेशनवर त्याचे चार मित्र आधीच येऊन बसले होते. गाडी आली, थांबली, सुटली. अभिमन जागचा हलला नाही. तिच्या हातातली पिशवी घेत तो म्हणाला, "गाडी दखी लिधी ना? चाल आते घर." मित्र पोट धरून हसले. दशम्या त्यांनी तिथेच बाकावर बसून खाल्ल्या.

ती रडली नाही. पुढच्याच आठवड्यात तो गोदामात गेल्यावर ती एकटी एस.टी.त बसली आणि भामेरचा किल्ला चढून आली. संध्याकाळी त्याने तिला दोराने मारलं. नंतर ती प्रकाशाला गेली, तोरणमाळला गेली. प्रत्येक वेळी मार ठरलेला. त्याने तिच्या चपला पेटीत घालून कुलूप लावलं, तेव्हा ती सारंगखेड्याच्या घोडेबाजारात अनवाणी हिंडली. गल्लीत तिला फिरस्ती म्हणत. मुलगी सुलक्षणा मोठी झाली तीही आईच्या नावाने लाजतच.

मग अभिमनला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, डावी बाजू गेली, उजवा हात मात्र धड राहिला. त्या हाताने तो तिचा पदर मुठीत धरून ठेवी. ती उंबऱ्याबाहेर गेली की गुरासारखा ओरडे, आणि शेजारी तिलाच बोल लावत. त्याच वर्षांत साखरेच्या आजाराने तिची नजर मंदावत गेली. धुळ्याला डोळे दाखवायला हवेत, असं तिने मुलीला अनेकदा सांगितलं.

सुलक्षणा म्हणाली, "बाबांना सोडून कशी जाणार? तुला तर निमित्तच हवं असतं."

अभिमन गेला तेव्हा भिकुबाईला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. अडवणारं आता कोणी नव्हतं आणि पाहायला डोळे नव्हते. तेराव्यानंतर तिने काठी घेतली आणि साक्रीच्या बसचा रस्ता विचारला.

सुलक्षणाने दंड धरून तिला ओढलं. "आंधळी झालीस, आता काय बघणार आहेस?"

"दिसत नही," भिकुबाई म्हणाली. "पण गाडी वळनी का आंगले समजस."

आता ती दर आठवड्याला जाते. शेजारी बसेल त्याला बाहेर काय दिसतंय ते विचारते. कोणी सांगतं, पुष्कळजण जागा बदलतात. मागे एकाने तिला निजामपूरजवळ समुद्र लागल्याचं सांगितलं. जहाजंसुद्धा वर्णन करून सांगितली. सगळी बस हसत होती. ती खोटं ओळखून होती, तरी मान पुढे करून ऐकत राहिली आणि लाटा केवढ्या आहेत असं तिने विचारलं. तो उठून मागच्या बाकावर जाऊन बसला.

त्या दिवशी साक्रीला ती उतरली. कोणीतरी तिला नवापूरच्या गाडीत बसवून दिलं. कोंडाईबारीच्या घाटात वळणं सुरू झाली तशी तिने समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि तोंड खिडकीबाहेर काढलं.