गरम तेलाचं माप

तुमच्या आजोबांना कोल्हापूरला नेताना घाटात आमचा पाऊण तास गेला. तो का गेला, हे मी तुमच्या बाबाला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. गाडी तापली, एवढंच. ती माझ्यामुळे तापली, हे सांगायचं राहिलं. तुम्ही दोघं आता मोठी झालात, म्हणून सगळं लिहिते.

पक्षाघातानंतर चार महिने आजोबा बोलले नव्हते. नाकातल्या नळीतून सिरिंजने त्यांना पेज आणि दूध द्यायचं, दर दोन तासांनी, आणि ते वहीत लिहायचं, हा माझा दिवस. संध्याकाळी त्यांच्या उशाशी जपमाळ घेऊन बसून मी तेर्स म्हणायची, पण मणी ओढताना मन पुढच्या औषधावर असायचं. चर्चमधली सायबीण माय ऐकते यावरचा माझा विश्वास उडाला होता. तेर्स चालू होता तो वेळापत्रकात होता म्हणून. त्याच वहीत एक पान गाडीचं होतं. माझा डावा गुडघा गेल्यावर बाबाने घेऊन दिलेली ती जुनी ऑटोमॅटिक गाडी. तिच्या गिअरचं तेल पट्टी बुडवून मोजतात. मी ते महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सहाला, गाडी सुरू केल्या केल्या मोजायची. पातळी दर वेळी खुणेखाली दिसायची आणि मी दर वेळी थोडं तेल ओतायची. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी स्वतः वाचलं होतं, त्यामुळे गॅरेजवाल्याला विचारावंसं कधी वाटलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी आजोबांना ताप चढला आणि श्वास लागला. डॉक्टर म्हणाले, आजच कोल्हापूरला हलवा. रुग्णवाहिका दोन तासांनी मिळणार होती. मी थांबले नाही. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, सीट मागे आडवी केली, आणि मी निघाले. फोंडाघाटाच्या अर्ध्या चढावर लाल दिवा लागला. इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी पुढे सरकेना, जळका वास आला. मी ती कडेला घेतली. फोनला रेंज नव्हती. आजोबांच्या छातीतली घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती. मी प्रार्थना केली नाही. आरशाला टांगलेल्या तेर्साच्या माळेकडे बघून एवढंच विचारलं, माझ्याकडून आता काय करायचं राहिलंय?

मागून मासळीचा टेम्पो आला आणि थांबला. चाळिशीचा चालक उतरला. "काय झाला गो मावशी?"

मी म्हटलं, "तुझ्याकडे बर्फ आहे ना? गिअरबॉक्सवर घालूया. मला लवकर पोचायचंय."

"तापलेल्यार बर्फ घातलंस तर तडकतला. मगे चालतच जा कोल्हापुराक." त्याने पट्टी ओढून बघितली. "तेल कितक्या भरलंस?"

मी वही दाखवली. ती त्याने शांतपणे वाचली. "मास्तरीण काय गो तू?"

"होते."

"वहीत सगळा बरोबर आसा. पण थंड गाडयेर मापलंस. तेल हून झाला की फुगता, हून असतानाच बघूचा असता. आता त्येका जागा नाय, फेस झालो."

पुस्तकातलं ते वाक्य मी वाचलं होतं. वहीत उतरवताना गाळलं होतं.

जास्तीचं तेल काढायला त्याच्याकडे बारीक नळी नव्हती. मी पिशवीतून आजोबांची जादा नळी आणि सिरिंज काढून दिली. त्याने ती बघितली, मग सीटवर आडव्या माणसाकडे बघितलं. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही. "आधी निवूक होया. अर्धो तास कायच करूचा नाय. घोवाकडे जावन बस."

मी बसले. पेजेची वेळ टळून गेली तरी वही उघडली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांचा हात नुसता धरला होता, नाडी बघायला नाही. हळू आवाजात तेर्स सुरू केला. मधेच केव्हातरी त्यांचा अंगठा माझ्या बोटावर दाबला जाऊ लागला, एकेका मण्याला एकदा. आजारातला झटका असेल. मी कुणाला विचारलं नाही.

मग त्याने सिरिंज सिरिंज करत लाल तेल बाटलीत काढलं. "गिअर दोनार ठेव. घाई करू नको," म्हणाला, आणि माथ्यापर्यंत आमच्या मागून आला. वर पोचल्यावर हॉर्न देऊन पुढे गेला. नाव विचारायचं राहिलं.

इस्पितळात आजोबांना लगेच काचेच्या आत नेलं. हात धरणं नंतर झालंच नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले. पाऊण तासाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या समाधानासाठीही म्हणाले असतील. चूक माझीच होती, आणि ज्या वेळात मी त्यांच्यापाशी बसले तो वेळ मला कुणीतरी दिला होता. या दोन गोष्टी मी एकमेकींतून वजा करत नाही. दोन्ही सायबिणीच्या पायाशी ठेवल्या आहेत.

अजूनही पहिल्या सोमवारी मी तेल मोजते. आधी जेटीपर्यंत जाऊन येते, दारात गाडी चालू ठेवते आणि तेल पुरतं गरम होईपर्यंत गाडीतच बसून राहते. वही घरात असते. शेजारची सीट मी अजून सरळ केलेली नाही.