उस्तादांची सही

शागिर्दानं लिहिलेला कागद हाती आला की उस्ताद तो आधी उलटा धरायचे. अर्थ दिसला की डोळा फसतो, नुसतं वळण बघावं, असं त्यांचं म्हणणं. मग कागद परत करताना ठरलेलं वाक्य: "हात अभी कच्चा है, मियाँ."

औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात मी मराठी प्रुफं तपासायचो आणि समोरच्या गादीवर बसून ते उर्दू लग्नपत्रिका लिहायचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीतली उर्दू गेली, तसे हे सरकारी जाहीरनाम्यांवरून पत्रिकांवर आले. ऐट मात्र कचेरीतलीच राहिली. मालकानं घाई केली की म्हणायचे, "शेठ, लई घाई हाय तर शिशाचे खिळे जुळवा. इथं हातानं लिहितात."

रशीद हा त्यांचा एकच शागिर्द, दोन लेकरांचा बाप. त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून उस्ताद अक्षर ओढायचे. बोरूला तिरका काप देणं, लांब रेघेला श्वास धरणं, सगळं त्यांनीच शिकवलं. शिकवण्यात कसूर नव्हती, हे मान्य करायलाच हवं. पण लिखाणाखाली स्वतःचं नाव घालायची इजाजत उस्तादानं द्यावी लागते, आणि तीच काही मिळेना.

पुढं उस्तादांचा हात थरथरू लागला. सगळ्या पत्रिका रशीद लिहायचा, खाली सही उस्तादांच्या नावाची. लोक येऊन वाहवा करायचे आणि हे खुशाल मान डोलवायचे! असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. रशीद गेला तर पत्रिका कोण लिहिणार, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. मला तर चीड यायची.

अखेर हैदराबादच्या एका छापखान्यानं रशीदला बोलावलं. अट एकच, उस्तादांची लेखी इजाजत. उस्तादांनी कोरा कागद रशीदपुढं सरकवला. मग म्हणाले, "लिख ले, मियाँ. नीचे मेरा नाम डाल दे."

रशीदनं बोरू त्यांच्यापुढं धरला. "ये बी मैंच लिखूँ, उस्ताद? टेढ़ा-मेढ़ा चलेगा. आप लिखो."

उस्तादांनी अलिफ ओढला. नुसती उभी रेघ, तीही नागमोडी गेली. त्यांनी कागद चुरगाळला. "मेरे नाम से ऐसा हर्फ बाहर नहीं जाएगा." मला त्यांची कीव आली, रागही तसाच राहिला.

रशीद वाकून सलाम करून गेला, तो परत आला नाही. लासूर स्टेशनच्या आडतीत पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं रंगवतो, असं पुढं कळलं.

उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. लोक अजून त्यांच्या जुन्या पत्रिका काढून दाखवतात. मी सांगतो, ही रशीदनं लिहिलेली. ते खाली बोट ठेवतात.

"काय मास्तर! सही तर उस्तादांची हाय की."