बापाचा गुण्या, भावाचा हात

माझ्या धाकट्या भावाचा हात वाकडा नव्हता. आमच्या डोंगरकडा गावात आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांनी तसं ऐकलं, त्यांनी ते मुळात माझ्याच तोंडून ऐकलं. भाऊ यंदा उन्हाळ्यात गेला, म्हणून आता लिहितो. तो असताना हे बोलायला हवं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

घरामागे पत्र्याच्या छपराखाली आमचं सुतारकाम चाले. वडील गेल्यावर चौकटी, बाजा, तिफणी मी करायचो. कपाटं, देव्हारे अशी बारीक कामं भावाची. तो डावखुरा. रंधा डाव्या हातात आणि उभा लाकडाच्या उलट्या बाजूला. गिऱ्हाईक म्हणायचं, "हा काय आरशातला सुतार हाय का हो?" भाऊ हसायचा. "व्हय. पैसे मात्र आरशातले देऊ नका."

त्याचं काम नजरेवर चाले. तुकड्याचं तोंड रंधायचा, डोळ्यासमोर धरायचा, पुन्हा एक हात मारायचा. सांध्यात नख शिरत नसे. नजरेवरचं काम काही खरं नाही, असं मी म्हणायचो. खरी गोष्ट अशी की बारीक कामाला लोक त्यालाच विचारत यायचे आणि मला ते सलायचं.

मग मी एक पाटी केली. तशी मी शहरातल्या एका फर्निचरच्या दुकानात पाहिली होती. सपाट सागवानी फळी आणि तिच्या टोकाला आडवा, पक्का बसवलेला बाभळीचा ठोकळा. कापलेला तुकडा ठोकळ्याला टेकवायचा, रंधा कुशीवर पाडून फळीच्या कडेने सरकवायचा. ठोकळा काटकोनात असेल तर तुकड्याचं तोंडही काटकोनातच निघतं. सगळी मदार त्या ठोकळ्यावर.

रंधा उजव्या हाताने चालेल अशी मी ती केली.

"दादा, मला उलटी लागंल," भाऊ म्हणाला. "रंध्याची वाट डावीकडून दे की."

"तुझ्यासाठी जग उलटं करू का? हात सुधार."

ठोकळा मी वडिलांच्या गुण्याने लावला. शिसवी मुठीत लोखंडी पट्टी बसवलेलं, काटकोन तपासायचं ते हत्यार. खंडेनवमीला आम्ही बाकीची हत्यारं धुऊन मांडायचो, पण वडिलांचा गुण्या धुवायचा नाही, अशी घरची रीत होती. जुन्या कुंकवावर नवं तेल-कुंकू बोटाने लावायचं. मुठीवर त्याचा कडक थर चढला होता. आम्ही त्याला बरकत म्हणायचो.

भाऊ पाटीपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिला. "ठोकळा तिरपा दिसून राहिला, दादा. एकदा गुण्या पालथा करून पाहू."

सुताराला ही परीक्षा ठाऊक असते. गुण्या ठेवून एक रेघ मारायची, मग तो पालथा करून त्याच जागी दुसरी. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. नवा गुण्या घेताना आम्ही दुकानातच उभ्याउभ्या हे करतो. वडिलांच्या गुण्यावर मात्र आमच्या घरात कोणी कधी केलं नव्हतं.

"बापाची परीक्षा घेतो काय रे?" मी ओरडलो. "काहून? लई शहाणा झाला?"

तो पाटीपासून बाजूला झाला.

त्या साली बाळापूरकडच्या एका गिऱ्हाइकाने मुलीला आंदण द्यायला कपाट सांगितलं. भावाने दारांचे सगळे आडवे तुकडे त्या पाटीवर रंधले, अवघडलेल्या उजव्या हाताने. दारं बसवली तेव्हा ती मिटताना एकमेकांना अडू लागली.

"मी हे नजरेवर पुन्यांदा करतो," तो म्हणाला. "उद्याचा दिवस दे."

"उद्या हळद हाय तिथं. घास थोडं आन् पॉलिश मार."

मांडवात वराकडच्या बायकांनी कपाट उघडून पाहिलं आणि दारं पुन्हा मिटेनात. "सून बी अशीच तोंड उघडं ठेवणारी देऊन राहिले का?" कोणीतरी म्हणालं आणि सगळा मांडव हसला. मुलीचा बाप दुसऱ्या दिवशी ते कपाट घेऊन आमच्या अंगणात आला. चार लोक जमले. त्याने मला तोंडाला येईल ते ऐकवलं.

मी म्हणालो, "डाव्या हाताचं काम हाये ते. माझं न्हाई. त्याचा हातच वाकडा."

भाऊ छपरात रंधा धरून उभा होता. त्याने रंधा कुशीवर ठेवला, म्हणजे पात्याला धक्का लागू नये, आणि आत गेला.

तो घरात होता तेवढ्यात मी गुण्या पालथा करून पाहिला. दोन रेघा एका टिंबातून निघून वर फाकल्या. मुठीच्या टोकाला कुंकवाचा थर जाड झाला होता, त्यामुळे मूठ फळीच्या कडेला नीट टेकतच नव्हती. मी पटाशीने तो खरवडला. कुंकू पायदळी जाऊ नये म्हणून भुगा ओंजळीत धरून तुळशीत टाकला. मग ठोकळा सोडवून सरळ बसवला आणि दारांचे आडवे तुकडे सोडवून त्याच पाटीवर पुन्हा रंधले.

भाऊ बाहेर आला, दारं मिटलेली पाहिली. "झालं का बराबर?"

"झालं," मी म्हणालो. "माझ्या हाताला काय धाड भरली होती?"

महिन्याभरात तो वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानात लागला. जाताना म्हणाला, "चाकाला काटकोन नसतो, दादा. तिथं चालंल माझं." तो हसला म्हणून मीही हसलो. पुढे फाट्यावर त्याचं स्वतःचं दुकान झालं. लग्नाकार्यात, दिवाळीला आम्ही भेटत राहिलो. कोणी शेजारी बसलेलं असलं की मला हे बोलता येत नसे. कोणी नसलं की मी हळदीचा भाव विचारायचो.

तो गेल्यावर मी डाव्या हाताने चालेल अशी एक पाटी केली. कशाला, ते मला सांगता येत नाही. ती झाली आणि मी भावजयीकडे फाट्यावर गेलो.

"या भाऊजी. चहा ठेवते."

"आधी ऐक," म्हणालो आणि गुण्यापासून सगळं सांगितलं. भावाला हे ठाऊक होतं, एवढंच तिने म्हणावं, ही माझी आशा होती. ठोकळा तिरपा आहे हे त्यालाच तर आधी दिसलं होतं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी घरात कधी खिळा ठोकला न्हाई, भाऊजी. बाजेचा पाय हालला तरी शेजारच्याला हाक मारायचे. मी म्हणायची, सुताराचे ना तुमी? तर म्हणायचे, माझा हात वाकडा हाय, दादानं पाहिलाय. दादा खोटं बोलत न्हाई."

तिने पदराचा पीळ सोडला.

"लेकरानं डाव्या हातात पेन्शील धरली की काढून उजव्या हातात द्यायचे. लई रडायची पोरगी. एकदा तर तिचा हात रुमालानं बांधला त्यांनी. आन् मग स्वतःच भाईर जाऊन बसले."

तिने मोबाईल घेतला, नंबर लावला आणि माझ्यासमोर धरला. "तिला तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं."

"बोल आई," पलीकडून पुतणी म्हणाली.

"आई नाही बाई. मोठा काका बोलतोय."

तिकडे शिलाई मशीन चालू होती, ती थांबली. "काय झालं, काका?"

एकदा सांगून झालं की दुसऱ्यांदा सोपं जाईल, असं मला वाटलं होतं.