सहा पडेपर्यंत

त्या सकाळी बोईसरच्या कॉलेजात मी अकरावीला संभाव्यता शिकवत होते. सहा पडेपर्यंत फासा टाकत राहायचा. दहा वेळा पडला नाही म्हणून अकराव्या वेळी तो पडण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही, कारण फाशाला मागचं काही आठवत नसतं. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मॅडम, फाशावर सहा नसलाच तर?" वर्ग हसला, मीही हसले. "गणितात दिलंय ना, आहे म्हणून," म्हणाले आणि पुढचं उदाहरण घेतलं.

संध्याकाळी सातपाटीला घरी पोचले तर सासूबाई ओट्यावर फोन घेऊन बसलेल्या. माझ्या नवऱ्याची बोट सकाळीच यायची होती. दुपारपासून वारा सुटलेला, बाकीच्या बहुतेक बोटी कधीच लागल्या होत्या. किनारा जवळ आला की त्याच्या फोनला मधूनच रेंज येते, म्हणून त्या लावत होत्या आणि दर वेळी टेपवरची बाई 'संपर्कक्षेत्राबाहेर' हेच सांगत होती.

"आता तू लाव. हात बदलू दे." सासऱ्यांच्या बोटीवर जाळं रिकामं आलं की पुढच्या वेळी ते दुसऱ्याच्या हाताने टाकायचे. तीच रीत सासूबाईंनी फोनला लावली होती.

"आई, हाताने काय होतंय?" मी चिडूनच म्हणाले, तरी लावला. नाही लागला. परत त्यांनी, परत मी.

इतक्या वेळा नाही लागला, आता लागेलच, असं मलाही वाटायला लागलं. मग वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न आठवला. रेंज येते-जाते असं धरलं तर प्रत्येक फोन नवा. पण बोटच नसेल तर? मग कितीही लावा, शक्यता शून्यच. ओट्यावर बसून दोन्ही अगदी सारखंच ऐकू येतं, आणि न लागलेला प्रत्येक फोन मला त्या दुसऱ्या शंकेकडे ढकलत होता. सकाळी मी हसले होते कशाला?

"तुजा हात गार पडलाय," म्हणत सासूबाईंनी फोन ओढून घेतला, लावला आणि एकदम थांबल्या. रिंग जात होती. त्यांनी फोन माझ्या कानाशी दाबला. "तू बोल. माज्यानं नाय होणार."

"आई," पलीकडून तो ओरडत होता, "मशीन बंद पडलंय. दुसरी बोट वढून आणतेय. जेवण ठेव."

"बघ, हात बदलला," सासूबाई रडत म्हणाल्या. मी त्यांचा हात घट्ट धरून हो म्हणाले. फाशावर सहा होता.