चकचक मिस्तरीचा मळका रणगाडा

चकचक मिस्तरी हे काही त्याच्या आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. ते गॅरेजांच्या गल्लीनं ठेवलं. ठोकलेली, चेपलेली, कुत्र्यांनी चाकांवर पाय वर करून रंगाची वाट लावलेली कुठलीही गाडी त्याच्या दारात लोटून द्यावी, आणि आठवड्यानं येऊन तिच्या दारात तोंड बघून दाढी करावी. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं खरंच एकदा केली होती म्हणे, आणि म्हणाला होता, "माझ्या दुकानातल्या आरशापेक्षा बरं दिसतंय."

मिस्तरीची कामाची रीत एकच. खड्डा दिसला की लांबी, म्हणजे पत्र्याची पुट्टी, भरायची, पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासायचा, परत भरायची, परत घासायचं. मग डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा. एवढासा खडा लागला, की झालं, पुन्हा पहिल्यापासून. घरीसुद्धा हीच गत. ताटाला ओरखडा दिसला की याचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. बायकोच्या कपाळावर पहिली सुरकुती आली तेव्हा तो इतका वेळ टक लावून बघत राहिला, की ती म्हणाली, "लांबी भरायचा विचार असेल तर सांगा, मी पॉलिशपेपर भिजत घालते."

सगळी गल्ली त्याच्या कामावर मान डोलवायची. एका माणसाची मान तेवढी हलत नव्हती. ते म्हणजे त्याचे सासरे.

सासरेबुवा लष्करात रणगाडा चालवायचे. निवृत्त होऊन जमाना लोटला होता, तरी अजून खुर्चीत बसताना आधी डोकं वाकवायचे, वरच्या झाकणातून आत उतरल्यासारखे. इंजिनाच्या आवाजानं एक कान गेला होता. पण आपला कान गेलाय हे त्यांना मान्य नव्हतं. जगालाच कमी ऐकू येतं असं धरून ते बोलायचे.

"काय जावईबापू! आज कुणाला पावडर-लाली?" मिस्तरीनं सासरच्या दारातून आत पाय टाकला की हा गोळा यायचाच.

"मामा, एक टेम्पो आहे. मागून ठोकलाय."

"ठोकला तर ठोकला! चालतोय ना? मग झालं! आमची गाडी बघायला पाहिजे होती तुम्ही. चिखलात अर्धी जायची नि वर यायची. रंग कसला घेऊन बसलात!"

भिंतीवर त्या गाडीचा काळापांढरा फोटो होता. पुढं कोवळ्या मिशीचे सासरे, छाती काढून. आणि दाराबाहेर त्यांची स्कूटर उभी असायची, गंजानं अशी खाल्लेली, की पुढच्या मडगार्डातून चाक दिसावं. त्या स्कूटरपाशी आलं की मिस्तरीचे हात शिवशिवायचे. एकदा सासरे दुपारचे आडवे झालेले बघून त्यानं नुसतं फडकं काढलं, तर आतून तोफ झाली, "हात काढा! ती बरी आहे!"

दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. मिस्तरीला ते सोडता येत नव्हतं. गावाच्या गाड्या त्याच्या हातून जातात, आणि घरातल्या एका स्कूटरला सासरा हात लावू देत नाही, हे त्याच्या डोळ्यात कुसळासारखं सलत होतं.

"बाबांना तुमचं काम वाईट वाटतं असं नाही हो," बायको समजूत घालायची. "त्यांना ते काम वाटतच नाही."

"हे तर त्याहून वाईट झालं की!"

अशात सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस जवळ आला, आणि खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत मिस्तरीला एक खोकं दिसलं. वर चित्र होतं ते अगदी भिंतीवरच्या फोटोतल्या रणगाड्याचं. आत सुटे भाग, जोडून घ्यायचे, रंगवून घ्यायचे. मिस्तरीनं ते उचललं आणि मनात म्हणाला, आता बोला मामा. तुमचीच गाडी, नि माझा रंग.

घरी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला गेला. प्लास्टिकच्या चौकटींना भाग लटकलेले, वेलीला शेंगा लटकाव्यात तसे. चाकं सदऱ्याच्या बटणाएवढी. आयुष्यभर दरवाजे नि बॉनेट उचललेला माणूस, त्याच्या बोटांत ती चाकं कुठली राहणार? एक उडालं ते बायकोच्या चहात गेलं. शेवटी तिचा भुवया कोरायचा चिमटा घेतला तेव्हा काम पुढं सरकलं. बायको शेजारणीला सांगत होती, "घरात रणगाडा आलाय, माझ्या भुवया बघ कशा वाढल्यात."

चाकं बसली, त्यांच्यावरून कड्याकड्यांचे पट्टे चढले, वरचा फिरता घुमट बसला, त्यातून तोफ बाहेर आली. इथवर सगळं ठीक होतं. पण घुमटावरून तळहात फिरवला, तर तो खरखरीत लागला. पत्रे जिथं जोडलेत तिथं खाचांच्या रेघा. मिस्तरीनं नाक मुरडलं. "माल वाईट ओतलाय कारखान्यानं." आणि बसला लांबी घेऊन. सगळा खरखरीतपणा भरला, रेघा बुजवल्या, सांध्यांचं नामोनिशाण ठेवलं नाही. मग प्रायमर, मग हिरव्याचे हात, मग वरून गाड्यांना मारतात ते चकाकीचं वार्निश, आणि शेवटी मऊ फडक्यानं पॉलिश. गल्लीतले लोक रांगेनं बघून गेले. न्हाव्यानं वाकून आपला भांग सारखा करून घेतला.

वाढदिवसापर्यंत दम धरायचा होता, पण मिस्तरीच्या पोटात राहीना. आधीच्याच रविवारी तो रणगाडा कापडात गुंडाळून सासऱ्यांपुढं ठेवला.

सासऱ्यांनी हातात घेतला. इकडून बघितला, तिकडून बघितला.

"छान आहे! साबण कुठून ठेवायचा?"

"मामा, साबणदाणी नव्हे ही. रणगाडा आहे. तुमचाच."

सासऱ्यांनी फोटोकडं बघितलं, हातातल्याकडं बघितलं. "हा कुठं निघालाय, लग्नाला?" मग घुमटावर अंगठा फिरवला. "आमचा घुमट म्हणजे हत्तीचा गुडघा. इथं तर माशीसुद्धा घसरेल. नाही हो जावईबापू. माझा असा नव्हता."

हे शेवटचं ते हळू बोलले. ओरडले असते तर मिस्तरीनं ऐकून घेतलं असतं, इतकी वर्षं ऐकतच होता. पण त्या माणसाचा हळू आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला, आणि तो थेट आत जाऊन बसला.

घरी येऊन तो रणगाडा कपाटावर ठेवायला निघाला, तोंड बॅटरी उतरलेल्या गाडीसारखं. बायकोनं तो हातातून काढून घेतला नि खिडकीशी नेला.

"मळवायला पाहिजे," ती म्हणाली.

"काय करायला पाहिजे?"

"मळवायला. चिखल, गंज, काळं. बाबा काय त्याला देव्हाऱ्यात ठेवून चालवायचे?"

"मला नाही जमायचं ते. मी जन्मभर डाग काढलेत."

"माहितीये. आणि तुमच्या कपड्यांवरचे कुणी काढलेत?" तिनं पदर खोचला. "लग्न झाल्यापासून तुमच्या पँटी घासतेय. मळ कुठं बसतो ते मला विचारा. सगळीकडं सारखा बसत नाही तो. शिवणीत जाऊन बसतो, खिशाच्या कोपऱ्यात बसतो. गुडघे आधी पांढरे पडतात, कडा आधी विरतात. तुम्ही उगाच सगळीकडं तपकिरी फासाल नि म्हणाल झालं."

मग नवऱ्याची गुरू बायको झाली. तिनं तारेची घासणी हातात दिली आणि म्हणाली, "ओढा कडेवरून." मिस्तरीनं डोळे मिटले. स्वतःच्या हातानं स्वतःच्या रंगावर पहिला ओरखडा ओढताना त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की शेजारीण दारात आली. "काही नाही गं," बायको म्हणाली, "पहिल्यांदाच करतायत."

चकाकी घासून काढली. जुन्या टूथब्रशनं ओली लांबी टोचटोचून घुमट हत्तीच्या गुडघ्यावर आणला. बुजवलेल्या रेघा टोच्यानं पुन्हा कोरल्या. कडांवर पेन्सिलीचं शिसं घासलं, तिथं लोखंड उघडं पडल्यासारखं झालं. धुराड्यापाशी काजळी. आणि अंगणातली माती साडीच्या तुकड्यातून चाळून, सुताराच्या पांढऱ्या डिंकात कालवून चाकांच्या मधे भरली.

"आणखी भरा," बायको.

"पुरे की."

"तुमच्या पँटीला याच्या दुप्पट असतो."

मधेच मिस्तरी सासऱ्यांच्या फोटोची बायकोनं मोबाइलवर काढलेली नक्कल घेऊन बसला, बोटांनी मोठी करकरून बघत. मग त्यानं एका बाजूचा पट्टा काढला, एक कडी वाढवली आणि परत चढवला. हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

वाढदिवसाच्या दिवशी दोघं सासरी पोचली तेव्हा सासरे फिरायला गेलेले. सासूबाई आंघोळीला होत्या. सासूबाईंच्या घरात धूळसुद्धा विचारून बसते अशी त्यांची ख्याती. बायकोनं रणगाडा कागदात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, आणि दोघं कोपऱ्यावरून केक आणायला गेली.

परत आली तर नळ वाहत होता. निथळायच्या जाळीवर, कपबशांच्या रांगेत, रणगाडा चाकं वर करून पालथा.

"आलात?" सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "अहो, वाटेत गटारात पडलं होतं का हे? एवढा चिखल! निघता निघेना बाई. पण मी काय सोडते? घासणी घेऊन घासलं चांगलं."

"आई!" बायको ओरडली. "ते बाबांचं प्रेझेंट होतं!"

"मग? मळकं देणार होता?"

मिस्तरीनं केक खाली ठेवला. त्याला हसू येत होतं की रडू ते त्यालाही ठरवता येईना. पुढं होऊन तो पिशवी शोधू लागला, घेऊन जावा परत, पुन्हा फजिती नको. तेवढ्यात दारात आवाज झाला, "कोण कोण आलंय!" आणि सासरे आतच आले. त्यांचं लक्ष जाळीकडं गेलं.

ते चालत पुढं गेले. दोन्ही हातांनी रणगाडा उचलला, सरळ केला. त्यातून पाणी ठिबकलं. वरचा चिखल गेला होता, पण चाकांच्या मधला घट्ट बसलेला, ओला, काळपट. घासणीनं कडा खालच्या करड्या प्रायमरपर्यंत गेलेल्या. धुराड्याची काजळी वाहून बाजूवर एक लांब ओघळ उतरलेला.

"कुणी धुतला?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "का? आता माझ्यावर ओरडा."

सासरे ओरडले नाहीत. रणगाडा डोळ्यांपुढं धरून ते वाकले, खालून बघायला. "तपासणी असली की सकाळी पाइप घेऊन बसायचो आम्ही. वरून लख्ख व्हायचा. चाकांतला चिखल जायचा नाही तो नाहीच. साहेब असा वाकायचा, आणि मग माझ्या नावानं शिमगा!" ते खदखदून हसले, पोट हलेपर्यंत. "तपासणीच्या सकाळचाच आहे हा!" मग एकदम थांबून त्यांनी पट्ट्याला बोट लावलं. "डाव्या बाजूचा ढिला ठेवलाय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही मामा. फोटोत जरा लोंबलेला दिसला."

"तो फोटो भिंतीवर लागल्यापासून शंभर माणसं बघून गेली असतील," सासरे म्हणाले. "एकालाही दिसला नव्हता."

मिस्तरीनं खाली मान घातली, पण कान लाल झाले ते काही लपले नाहीत.

"आता चुका ऐका!" सासऱ्यांचा आवाज मूळ पदावर आला. "धुराचा ओघळ पलीकडून पाहिजे!"

"उद्याच बदलतो."

"हात लावायचा नाही! आणि तू," ते सासूबाईंकडं वळले, "याच्यावर फडकं फिरवलंस तर बघ!"

रणगाडा फोटोखाली ठेवला गेला, ओलाच. केकची सुरी शोधेपर्यंत सासऱ्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि मिस्तरीच्या पुढ्यात टेबलावर सरकवली.

"मडगार्ड बघा जरा. वेळ असला तर."

मिस्तरीला वेळ नव्हता असं कधी होणार? केक बाजूला राहिला. तो बाहेर जाऊन स्कूटरपाशी उकिडवा बसला, डोळे मिटले आणि पत्र्यावरून तळहात फिरवू लागला. मागोमाग सासरे.

"पण ऐका जावईबापू! चकचक नको. मला ओळखू आली पाहिजे."

मिस्तरीचा हात एका जागी थांबला. "मामा, हा लांब ओरखडा कसला? हा भरू?"

"तो राहू द्या. तुमच्या सासूबाईंना गाडी शिकवत होतो तेव्हाचा आहे."

खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं. "तो आधी भरा!"